अर्बा, खम्शा आणि आप्पांच्या मेंढ्या

कृषी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या निबंधांच्या वह्या तपासत बसले होते. "मॅडम, तुमच्या माहेरी मेंढ्या आहेत ना?" त्यांनी सरळच विचारलं. परभणीत येऊन मला वीस वर्षं झाली होती, कॉलेजात मराठी शिकवायला लागून पंधरा. एवढ्या काळात माहेरच्या मेंढ्यांची चौकशी कुणी केली नव्हती. खरं सांगायचं तर मीही आपण होऊन कधी काही सांगितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये माझं माहेर म्हणजे "पालमकडं, शेती आहे" एवढंच.

"आहेत," मी म्हटलं. "का हो?"

त्यांच्याकडे इराकची एक मुलगी पीएच.डी. करत होती. कोरडवाहू भागातल्या कळपांत कोकरं पहिल्या महिन्यातच का दगावतात, हा तिचा विषय. वर्षभर एका कळपाच्या मागे राहायचं, जन्मलेल्या प्रत्येक कोकराचं दर आठवड्याला वजन करायचं, नोंद ठेवायची. पण तीन ठिकाणच्या मेंढपाळांनी तिला हात जोडून परत पाठवलं होतं. परक्या बाईनं कोकरं काट्याला लटकवली तर नजर लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"आणि तिला जरा मराठीही शिकवा," प्राध्यापक म्हणाले. "तिची हिंदी ऐकून मेंढ्यासुद्धा पळतात."

दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं घरी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, उंच, दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसणारी. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "तू अरब ना?"

"नाही मॅडम. मी कल्दाया. इंग्रजीत कॅल्डियन म्हणतात."

खाल्डियन! शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकात बाबिलोनच्या झुलत्या बागांचं चित्र होतं, त्याच्या खाली हा शब्द होता. मी पटकन बोलून गेले, "पण ते लोक तर कधीच संपले!"

ती हसली. "संपलेल्या लोकांना हॉस्टेलची खोली देतात का मॅडम?"

मग तिनं समजावून सांगितलं. नाव जुनं आहे. रक्तही तेच का, यावर विद्वानांची भांडणं आहेत, ती त्यांची त्यांनी मिटवावीत. ती मोसुलच्या उत्तरेकडच्या मैदानातल्या एका गावची. घरचे ख्रिस्ती. शाळेत अरबी, चर्चमध्ये जुनी ग्रांथिक आरमाईक आणि घरी सुरेथ. सुरेथ म्हणजे त्या आरमाईकच्याच कुळातली आजची बोली. एके काळी आरमाईक ही अर्ध्या जगाची कचेरीची भाषा होती. अरबी आणि हिब्रू या तिच्या बहिणी. जशा मराठी, गुजराती, बंगाली एका घरातल्या, तसंच हे सेमिटिक भाषांचं घर.

"आणि सुरेथ लिहिता येते तुला?"

तिनं कप खाली ठेवला. "बोलता येते. लिहायला कुणी शिकवलंच नाही."

त्या रविवारी आम्ही एसटीनं पालमला उतरलो आणि तिथून पुढं टमटमनं रानात गेलो. माझे वडील, म्हणजे आप्पा, एका शेतकऱ्याच्या पडीक रानात मेंढ्या बसवून होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, अजून स्वतःच रोवायचे. मी सगळं सांगितलं. आप्पांनी तिला खालून वर पाहिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वजन करू दे. पण मोजायचं न्हाई. कळप मोजला की घटतो."

मला माहीत होतं. आमच्याकडे धान्य मोजतानाही पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मेंढ्यांचा आकडा तर आप्पांनी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता. मी तिला इंग्रजीत सांगितलं तेव्हा वाटलं, संपलं आता. मोजल्याशिवाय कसला अभ्यास?

ती मात्र मान डोलवत होती. "माझे आजोबाही मेंढ्या पाळायचे. तेही मोजू द्यायचे नाहीत. आप्पांना विचारा, मी माझ्या भाषेत मोजलं तर चालेल का? इथल्या नजरेला ती भाषा कळत नाही."

मी विचारलं. आप्पा इतके हसले की खांद्यावरची घोंगडी खाली पडली. "मोज म्हणावं! नजरेला काय घंटा कळंल!"

ती वाघरीच्या तोंडाशी उभी राहिली. एकेक कोकरू बाहेर येऊ लागलं तशी ती बोटं मिटत गेली. "खा, त्रे, त्लाथा..."

"त्रे म्हंजी तीन का?" आप्पांनी मध्येच विचारलं.

"नाही आप्पा, दोन," ती म्हणाली आणि पुढे गेली. "अर्बा, खम्शा, इश्ता..."

अर्बा, खम्शा. हे मी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, पाठ केलं होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोडी लिपीचा वर्ग केला होता. पेशवाईच्या कागदांवर सन आकड्यांत नसतो, शब्दांत असतो. ते शब्द आमच्या सरांनी पाढ्यासारखे घोकून घेतले होते. मी तिथेच, लेंड्यांच्या वासात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर."

तिचं मोजणं थांबलं. मिटलेली बोटं तशीच राहिली.

"हे अरबी आहे," ती म्हणाली. "कुठं शिकलात तुम्ही हे?"

"मराठी कागदांत."

"मराठी कागदांत?"

"दोन-तीनशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखात असंच लिहायचे."

"मुलखात?" तिनं तो शब्द धरला. "मुलूख? म्हणजे देश? आणि मालक म्हणता ना तुम्ही? म, ल, क. ही तीन अक्षरं एकत्र आली की सत्ता, मालकी, राज्य. अरबीत, हिब्रूत, आमच्यातही. आमच्या भाषेत मल्का म्हणजे राजा."

मी आप्पांना सांगितलं, की हिच्या भाषेत मालकाला लागून असलेला शब्द राजासाठी आहे. आप्पांनी घोंगडी झटकून पुन्हा खांद्यावर घेतली. "मंग बराबरच हाय की," ते म्हणाले.

या गोंधळात पहिली मोजणी चुकली. कोकरं पुन्हा आत घालावी लागली.

त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये एक वही राहू लागली. हैदराबादच्या राज्यात आमचा भाग दोनेकशे वर्षं राहिला, त्यामुळे आमच्या बोलण्यात उर्दू-दखनी शब्द आहेत, हे मला ठाऊकच होतं. पण त्यांच्या आत तीन-तीन व्यंजनांचा सांगाडा असतो आणि त्यावर स्वर बदलून शब्द चढवतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. हुकूम, हकीम, हुकूमत: ह, क, म. किताबमधलं क, त, ब तिच्या क्तावामध्ये, म्हणजे पुस्तकात, ओळखू आलं, आणि आमच्याकडच्या सलामचं तिच्याकडे श्लामा झालं होतं. ती आणखी एक गोष्ट दाखवायची: अरबीतला जो आवाज दातांत जीभ धरून काढतात, तो आमच्या कागदांत स झाला आणि तिच्या बोलीत काही ठिकाणी त. म्हणून आमचं समान, तिचं त्मान्या, दोन्ही आठच. पालमच्या स्टँडवर बसची वाट बघत आम्ही हे सगळं करायचो आणि शेजारच्या बायका आमच्याकडे बघत बसायच्या.

थंडीत मेंढ्या व्यायला लागल्या आणि खरं काम सुरू झालं. तिला लवकरच एक गोष्ट दिसली. मेंढी व्याली की आप्पा पहिला चीक जमिनीवर पिळून टाकायचे. "घट्ट असतोय. लेकराला पचत न्हाई, हगवण लागते," असं ते म्हणायचे, आणि त्यांचे वडीलही तसंच म्हणायचे. ती म्हणाली, उलट आहे. त्या चिकातच कोकराची ताकद असते. पहिल्या तासात पोटात गेला पाहिजे. आप्पा ऐकून घ्यायचे आणि आपलंच करायचे.

एका दुपारी एका मेंढीला जुळं झालं. एक कोकरू उठून उभं राहिलं. दुसरं पडूनच होतं, तोंड गार. आप्पांनी त्याला उचलून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "हे न्हाई राहत."

कोकरू ओढणीत गुंडाळून तिनं छातीशी धरलं, मला वाटीत चीक काढायला लावला आणि सिरिंजनं थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडत बसली. आप्पा लांबून बघत होते. मध्येच ती मला सांगू लागली. आवाज अगदी साधा, पावसापाण्याबद्दल बोलावं तसा. ती शाळेत असताना त्यांचं गाव एका दुपारीत रिकामं झालं होतं. बंदूकवाले येत आहेत अशी खबर आली, मोटारीत बसायला तासभरही मिळाला नाही. आजोबा शेवटी आले. त्यांनी कोंडवाड्याचं दार उघडून सगळ्या मेंढ्या सोडून दिल्या होत्या, म्हणजे निदान त्या चरतील तरी. नंतर घरचे परत गेले, पण मेंढ्या कुणालाच सापडल्या नाहीत. "आजोबा विचारतात, तू एवढं शिकून मेंढ्यांचंच का करतेस? मी सांगते, तुमच्यामुळेच."

मी आप्पांना तिचं बोलणं मराठीत सांगत होते. आप्पा उठून जवळ आले, खाली बसले आणि त्यांनी कोकराच्या पोटावर हात ठेवला. "ऊब यायलीय," ते म्हणाले.

तासाभरानं ते कोकरू पुढच्या गुडघ्यांवर उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या कासेला जाऊन ढुशी मारू लागलं. ती ओढणी झटकत उभी राहिली. डोळे मात्र भरले होते. आप्पा म्हणाले, "हे कोकरू तुजं. आन ऐक. उद्यापून चीक टाकायचा न्हाई. मी सांगतो सगळ्यांला." त्या हंगामात आमच्या कळपात फक्त दोन कोकरं दगावली. आप्पांना आठवतंय तेव्हापासून असं वर्ष झालं नव्हतं.

तिची मराठी आता चांगलीच सुधारली होती. पण मी शिकवलेली नव्हे. आठवड्यातले तीन दिवस ती आप्पांबरोबर, आणि माझा तास एक. एकदा ती म्हणाली, "मॅडम, मी आता नोंदी टाईप करायलेय. लय वेळ लागायलाय."

"करायलेय नाही," मी सवयीनं म्हटलं. "करते आहे. लय नाही, खूप."

"पण आप्पा असंच बोलतात."

"आप्पा शाळेत गेले नाहीत."

ती हळू म्हणाली, "मी मोसुलच्या कॉलेजात घरी फोनवर सुरेथमध्ये बोलले की मुली हसायच्या. म्हणायच्या, ही मेंढरांची भाषा बोलते. आणि आमच्या गावचे शिकलेले लोक म्हणायचे, खरी भाषा पुस्तकातली, तुम्ही बोलता ती मोडकी. मॅडम, मग धड भाषा माझ्याकडे कुठली?"

एम.ए.ला मी पुण्यात होते. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "मी यायले" म्हणाले आणि सगळा बाक हसला. त्यानंतर मी तो शब्द तोंडातून उपटून टाकला. वर पंधरा वर्षं पोरांच्या वह्यांतून लाल पेनानं तो उपटत आले. त्या संध्याकाळी निबंधांचा एक गठ्ठा समोर होता. पहिल्याच वहीत "आई भाकरी करायलीय" असं वाक्य होतं. लाल पेन तसंच हातात राहिलं. शेवटी मी शेजारी लिहिलं: 'छान'.

तिच्या निष्कर्षांची माहिती देण्यासाठी विद्यापीठानं पालमजवळ मेंढपाळांचा मेळावा ठेवला. मंडप भरला होता. गंगाखेड, सोनपेठकडूनही लोक आले होते. ज्यांनी तिला हात जोडून परत पाठवलं होतं तेही पुढच्या रांगेत. ठरलं असं होतं, की ती इंग्रजीत बोलेल आणि मी मराठीत सांगेन. मी कागद सरळ करून उभी राहिले. तिनं माईक हातात घेतला, एकदा मंडपावरून नजर फिरवली आणि म्हणाली:

"रामराम. मी लय लांबून आलेय. तुमच्या कळपात कोकरं कामून मरायलीत, ते मी एक वरीस बघायलेय."

मंडपात कुठूनतरी एक शिट्टी आली आणि हशा उसळला. त्या हशात चेष्टा नव्हती, लोक चकित झाले होते, खूश झाले होते. व्यासपीठावरच्या एका पाहुण्यांनी मात्र पुढे वाकून, अगदी प्रेमळपणे, तिच्याजवळचा माईक आपल्याकडे वळवला. "ताई, बघायलेय नव्हे. पाहत आहे, असं म्हणायचं. आमच्या मॅडम मराठीच्या आहेत, त्या शिकवतील तुम्हाला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिनंही.

मी उठले. मी माईक घेतला आणि म्हणाले, "साहेब, तिचं बरोबर हाय. आमी असंच बोलतो."

मग मागच्या बाजूनं आप्पांचा आवाज आला. "बोलू द्या तिला! आमाला समदं कळायलंय!" आणि टाळ्या सुरू झाल्या. पागोटेवाले, टोपीवाले, पदर सावरणाऱ्या बाया, सगळेच. पाहुणेही हसत टाळ्या वाजवू लागले. मी माईक तिच्या हातात परत दिला. पुढचा अर्धा तास ती बोलली. चीक, नाळ, थंडी, जंत. माझ्या कागदाची गरज एकदाही पडली नाही. शेवटी प्रश्नांना हात वर झाले तर खाली येईनात. तिला परत पाठवणाऱ्यांपैकी एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "बाई, आमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर कवा येताव?"

प्रबंध लिहून झाला तेव्हा अर्पणपत्रिकेचं पान राहिलं होतं. तिला ते आजोबांसाठी सुरेथमध्ये लिहायचं होतं, आणि लिहिता तर येत नव्हतं. "देवनागरी एका वर्षात शिकलीस, स्वतःची लिपी शिकायला काय झालं?" मी म्हटलं. मग आमच्या स्वयंपाकघरात दोघींची शाळा भरली. आलप, बेथ, गामल, दालथ. इंटरनेटवरून काढलेले तक्ते फ्रिजला चिकटवले. उजवीकडून डावीकडे लिहिताना माझा हात सारखा अडखळायचा. मीच तिला सांगितलं, की मौर्यांच्या काळातले काही शिलालेख आरमाईकमध्ये आहेत आणि आपली ब्राह्मीसुद्धा त्याच लिपीवरून घडली असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काही मानत नाहीत. "म्हणजे कदाचित," ती पीठ मळलेल्या हातानं तक्त्याकडे बोट करून म्हणाली, "मी तुमच्याकडून माझंच परत घ्यायलेय."

"आणि आम्ही ते मध्ये दोन हजार वर्षं वापरून घेतलं," मी म्हटलं.

शेवटी तिनं तीन ओळी लिहिल्या. स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडे तो फॉन्ट नव्हता, म्हणून प्रत्येक प्रतीत तिनं त्या हातानं लिहिल्या. खाली मराठीत एक ओळ: 'आणि आप्पांना, ज्यांनी मोजू दिलं.'

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उठून तिचा हात हातात घेतला, तेव्हाच दाराबाहेर उभ्या आम्हा सगळ्यांना निकाल कळला. तिथेच व्हरांड्यात तिनं तिकडे गावी असलेल्या आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि ते पान मोबाईलसमोर धरलं. पांढऱ्या मिशीचा, चर्चमधल्या पोथ्यांवरून वाचायला शिकलेला एक म्हातारा चष्मा नाकावर ओढून वाचू लागला. मोठ्यानं, गात असल्यासारखं. वाचून झाल्यावर काहीतरी बोलला. ती हसत, रडत आमच्याकडे वळली. "एका अक्षरावर टिंब चुकलंय म्हणतात! पण म्हणतात, घरात लिहिणारं माणूस आलं."

आप्पा मळकट बूट दाराशी काढून अनवाणीच आले होते. सोबत आमच्या गावची दहा-बारा माणसं, ढोल घेऊन. विद्यापीठात ढोल चालतो का, असं मी घाबरत प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "आज चालतो." आप्पांनी तिच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली, आमच्याच मेंढ्यांची लोकर, माझ्या वहिनीनं कातलेली. मग भंडाऱ्याची पिशवी काढून तिला विचारलं, "बाई, तुज्या देवाला चालंल का?"

"माझ्या देवाला मेंढपाळ लय आवडतात," ती म्हणाली.

आप्पांनी मूठभर हळद उधळली. तिचे केस पिवळे, माझी साडी पिवळी, प्राध्यापकांचा पांढरा शर्ट पिवळा. ढोलावर टिपरी पडली आणि आमच्या माणसांनी अंगणात गोल धरला. ती घोंगडीसकट त्या गोलात शिरली. तिच्या गावी लग्नात असाच हात धरून गोल नाचतात म्हणे. पाय तिला कुणी शिकवावे लागले नाहीत. तिनं मला आत ओढलं, मी प्राध्यापकांना ओढलं, आणि आतली मुलं वर्ग सोडून खिडक्यांना लटकली. परीक्षकांची गाडी स्टेशनला जायला तयार उभी होती. ते ड्रायव्हरला "दोनच मिनिटं" म्हणाले, बॅग पायरीवर ठेवली आणि गोलात आले.